फकरोद्दीन चाचांची बारी

फकरोद्दीन चाचांनी माझं फिजिक्सचं पुस्तक उलटं शिवलं, तेव्हा त्यांच्या दुकानासमोर उभं राहून मी असं तोंड सोडलं की कुंडलिका नदीच्या पुलावरनं जाणारी माणसं थांबली. आणि आताच सांगून ठेवते, त्याचा मला बिलकुल पस्तावा नाही. पुस्तक माझं होतं, वर्ष माझं जाणार होतं. गप्प बसायला मी काय भिंत आहे? पुढं जन्मभर शाळेत बायॉलॉजी शिकवली, चारचौघांत नीट बोलायला शिकले, पण डोकं फिरलं की वाटूरची बेबीनंदा भसकन बाहेर येते. चाचांना ती पहिल्याच दिवशी भेटली. बरंच झालं म्हणायचं.

शहात्तर साल होतं. जालना तेव्हा अजून तालुक्याचंच गाव. दहा अधिक दोन असा नवा अभ्यासक्रम सुरू होऊन एकच वर्ष झालेलं, आणि अकरावी सायन्सची पुस्तकं म्हणजे औषधालाही सापडायची नाहीत. दुकानदाराला विचारलं की तो म्हणायचा, आल्यावर सांगतो. कधी येणार? ते त्यालाही माहीत नसायचं. मग पहिल्या बॅचच्या पोरांनी वापरलेली पुस्तकं दुसऱ्या बॅचनं मागून आणायची. माझ्या दादांनी, म्हणजे वडलांनी, वाटूरच्या एका पोराकडनं फिजिक्स आणि बायॉलॉजी अशी दोन पुस्तकं माझ्यासाठी मिळवली. बायॉलॉजीचं ठीक होतं. फिजिक्सचं त्या पठ्ठ्यानं कडब्याच्या खोलीत टाकलेलं. उंदरांनी त्याची पाठ साफ खाल्ली होती, पान न् पान सुटं. शिवाय पुस्तक इंग्रजीत. दहावीपर्यंत आम्ही सगळं मराठीतनं शिकलेलो. ज्याला काल लोलक म्हणत होतो त्याला आज प्रिझम म्हणायचं, आणि सर असे भराभर बोलायचे की मला फक्त 'देअरफोर' तेवढं कळायचं.

जालन्यात मी आत्याकडं राहायचे. मालनबाई आत्या जिनिंगात कामाला जायची. तिच्या केसांत कायम कापसाचे तंतू असायचे आणि जिभेवर कायम टोमणा. आमच्या वस्तीतनं सायन्सला गेलेली मी पहिलीच पोरगी, म्हणून ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायची. मी एकटी सापडले की म्हणायची, "सायन घेतलंस ना? मंग आता तोंड वाकडं करू नको." ती सायन्सला सायनच म्हणायची.

सुटी पानं फडक्यात बांधून तिनंच मला चाचांकडं पाठवलं.

जुन्या जालन्याच्या बाजूला पुलाअलीकडं त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, भिंतीतलं मोठं कपाटच. आत एक माणूस, पुस्तकं दाबायचा एक लाकडी शिकंजा, पुठ्ठे, नक्षीचा अबरी कागद आणि खळीचं पातेलं. खळीत कीड लागू नये म्हणून ते मोरचूद घालायचे, त्यामुळं त्यांची बोटं निळसर दिसायची. लोक त्यांना जिल्दसाज म्हणायचे, म्हणजे पुस्तकं बांधणारे. पन्नाशीसुद्धा आली नव्हती, पण दाढी पार पिकलेली. बोलणं कमी. पुस्तक हातात घेतलं की आधी त्याचा वास घ्यायचे, मग उघडायचे.

"दोन दिवसांनी ये, बेटी," एवढंच म्हणाले.

दोन दिवसांनी गेले. निळी अबरी, कोपऱ्यांना कापड, असं देखणं पुस्तक माझ्या हातात दिलं. उघडायला गेले तर उघडेना. म्हणजे उघडलं, पण उजवीकडनं. पाठ उजव्या हाताला, पानं उलटायची डावीकडनं उजवीकडं. उर्दू पुस्तक असतं तसं! त्यात सुटी पानं दाबून शिवलेली, त्यामुळं एका बाजूला ओळींची शेपटं शिवणीत गेलेली, पाठीमागं ओळींची तोंडं. आधीच इंग्रजी, त्यात कडेचा शब्द अर्धाच.

मग काय विचारता! "चाचा, हे काय करून ठेवलं? डोळे हायत का बटनं? मी काय आता आरशात बघून वाचू?" अजून बरंच बोलले. चाचांनी पुस्तक घेतलं, फिरवून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की माझंच बोलणं मध्येच अडलं.

"गल्ती झाली, बेटी. बिलकुल गल्ती," ते म्हणाले. "पानं लावताना उजेडाचा धडा समोर आला. चित्रं बघत बसलो. मंग हात आपल्या आपण चालला."

"मंग उसवा आणि पुन्हा शिवा."

"कागद सडेल हाय. उसवलं तर हातात भुगा येईल." त्यांनी एक पट्टी शिवणीत घालून पाहिली. मग म्हणाले, "असं कर. रोज संध्याकाळी ये. शिवण मी पट्टीनं दाबून धरतो, तू वाच आणि उतरून घे. माझ्या गल्तीचा खर्चा माझ्याकडं."

तर अशी आमची शाळा भरली. कॉलेज सुटलं की मी दुकानाच्या फळीवर बसायचे. चाचा हाडाची चपटी पट्टी शिवणीत घालून पान ताणून धरायचे, आणि मी गेलेली शेपटं आणि तोंडं शोधत वाचायचे. इंग्रजी त्यांना फारसं यायचं नाही. पण आकृती आली की त्यांचं बोट थांबायचं. भिंगाच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "अदसा." मी म्हटलं, "लेन्स." मग आठवून म्हटलं, "भिंग." लोलकाला ते म्हणाले, "मंशूर."

"आधीच इंग्रजीनं जीव खाल्लाय," मी म्हटलं, "त्यात तुमचं हे तिसरं कशाला, चाचा?"

ते हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. "हे तिसरं न्हाई, बेटी. माझं पहिलं हे हाय."

हळूहळू कळत गेलं. निजामाच्या काळात चाचा औरंगाबादच्या इंटर कॉलेजात सायन्सला होते. तिथं सगळं उर्दूतनं शिकवायचे, फिजिक्ससुद्धा. प्रकाश कसा वाकतो हे ते मला आपल्या मराठीत सांगायचे, अडले की उर्दूत, आणि तरी नाही जमलं तर खळीच्या पातेल्यात पट्टी बुडवून दाखवायचे. खळीत काय दिसणार, कपाळ? मग पाण्याचा लोटा आणायचे. सगळं त्यांना यायचं असं मुळीच नाही. विजेचा धडा काढला की दोन्ही हात वर. "हे आमच्या कोर्सला आलंच न्हाई. तिथवर पोचलोच न्हाई." त्यांचं फिजिक्स एका पानावर थांबलं होतं. त्या पानापर्यंतचं सगळं लख्ख, आणि पुढं काहीच नाही.

का थांबलं, ते त्यांनी एका संध्याकाळी पुठ्ठ्याला खळ लावता लावता सांगितलं. माझ्याकडं न बघता.

"प्रयोगशाळेत मंशूर एकच होता. काचेचा, लाकडी डबीत. हजेरीच्या नंबरानं एकेकाची बारी यायची. आधी मास्तर तोंडी परीक्षा घ्यायचे. बराबर सांगितलं तरच मंशूर हातात. माझी बारी सोमवारी होती. शनिवारी अब्बांचा निरोप आला, जल्दी घरी या."

ते पोलीस ॲक्शनचं साल, अठ्ठेचाळीस; भारताची फौज निजामावर आली आणि खेडोपाडी सूड सुरू झाले. चाचांबरोबर त्यांचा चुलतभाऊ नजीर होता, त्याच वर्गात, त्याच खोलीत राहायला. दोघं मिळून निघाले. नजीर वाटेत आपल्या गावाला उतरला. त्या भादव्यात नजीर आणि त्याचे वडील दोघंही गेले. कसे गेले ते चाचांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या सालाबद्दल आमच्याकडं माणसं दार अर्धं लोटूनच बोलतात.

"नजीर माझ्यापेक्षा हुशार," चाचा म्हणाले. "मी पाठ करायचो, त्याला समजायचं. हजेरीत माझ्या मागं त्याचाच नंबर. रोज म्हणायचा, तू तुझी बारी लवकर आटप, मला ऊन ठेव."

कॉलेज पुन्हा उघडलं, पण चाचांच्या आईनं त्यांना गावाबाहेर पाय ठेवू दिला नाही. सोडलं तोवर उर्दूतला कोर्सच बंद झाला होता. ना मराठीतनं शिकता आलं, ना इंग्रजीतनं. मग मामाच्या दुकानात सुई हातात घेतली. दुसऱ्यांची पुस्तकं शिवत राहिले.

"आता काही वाटत न्हाई," ते म्हणाले. "फक्त एवढंच, की तोंडी परीक्षा पाठ केल्ती. आजून पाठ हाय. कुणी विचारलंच न्हाई."

काही वाटत नाही म्हणे! वाटत नाही तर हात कशाला थांबला होता खळीत?  घरी जाऊन आत्याला सांगितलं. तीही भाकरी थापायची थांबली.  मग म्हणाली, "तुझ्या कॉलेजात हाय ना ते काचेचं? मंग दाखव की त्याला. तेवढ्यासाठी काय दिल्लीला जायचंय?"

ती बोलली आणि माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं. चाचांना लोलकापुढं उभं करायचंच.

पण ते काय एवढं सोपं होतं? हिवाळ्यात माझा लोलकाचा प्रयोग झाला. कागदावर लोलक ठेवायचा, पिना टोचायच्या, रेघा ओढायच्या, कोन मोजायचा. मी पळत दुकानात आले. चाचांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"रंग दिसले?"

"न्हाई. पिना लावल्या. कोन काढला. मंग तास संपला."

"लाल कुठल्या बाजूला होता?"

"रंग दाखवलेच न्हाईत, चाचा."

ते सुईत दोरा ओवत राहिले, तो काही ओवला जाईना. मला माझाच राग आला, तासाचा आला, घंटेचा आला. ज्या वस्तूसाठी हा माणूस इतकी वर्षं झुरला, ती माझ्या हातात होती आणि मी कोन मोजून परत आले होते.

दुसऱ्या दिवशी सरांकडं गेले. सगळं सांगितलं नाही, फक्त एका माणसाला लोलक बघायचाय म्हटलं. सर वाईट नव्हते. पण म्हणाले, "बाहेरचा माणूस प्रयोगशाळेत कसा आणायचा? लोलक एकच आहे. फुटला तर वर्षभर पोरांनी काय करायचं?" खोटं नव्हतं त्यांचं. म्हणून तर जास्त चिडचिड झाली.

परीक्षा झाल्या. मी अकरावी पास झाले, फिजिक्समध्ये सगळ्यात जास्त मार्क. चाचांनी ऐकलं आणि दुकानातल्या दुकानात उभे राहिले. कपाटातच होते बिचारे, टोपी फळीला लागली. मला मात्र पेढा गोड लागेना. मी पुढं सरकले होते, ते आपले त्याच पानावर.

मे महिन्यात कॉलेजच्या फळ्यावर सूचना लागली. ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं बांधून हवी होती. पुस्तकं बाहेर न्यायची नाहीत, बाइंडरनं कॉलेजातच बसून काम करायचं. मी वाचलं आणि तशीच धावत सुटले.

चाचा म्हणाले, "न्हाई."

"का न्हाई?"

"दुसरा कुणी जाईल. आपल्याला इथं बराबर हाय."

मी बोलून बोलून थकले. शेवटी आत्या जिनिंगातनं येताना दुकानापुढं उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. "भाईसाब, तुम्ही जात का न्हाई ते मला कळतंय," ती म्हणाली. "तिथं जाऊन बी नाही बघायला मिळालं तर काय करायचं, याचं भ्या हाय तुम्हाला. मंग इथं बसून कुठं बघायला मिळून राह्यलंय?"

चाचा दुसऱ्या दिवशी सकाळी शिकंजा आणि पातेलं घेऊन निघाले. बरोबर मी. इंग्रजी पुस्तकांची पानं लावायला वाचणारं कुणी तरी पाहिजेच होतं, असं ग्रंथालयात सांगून टाकलं.

आम्हाला व्हरांड्यात जागा दिली. आणि समोरच प्रयोगशाळा. आत संपत नावाचा शिपाई सामान पुसत असायचा. त्याला मी पहिल्याच दिवशी गाठलं, चाचांना लोलक दाखव म्हटलं.

"न्हाई जमायचं," संपत म्हणाला. "सामानाला हात लागला आणि कळलं तर माझ्या नोकरीवर येईल."

मी भांडायला तोंड उघडलं तेवढ्यात मागनं चाचा म्हणाले, "राहू दे, बेटी. त्याला पण घर हाय." आणि त्यांनी आपलं बस्तान उचलून असं मांडलं की पाठ प्रयोगशाळेकडं यावी.

मग रोज तसंच. वळून एकदाही बघितलं नाही. पानं जुळवायची, टोचायची, शिवायची, शिकंज्यात घालायची. मला ती पाठ बघवत नव्हती. कुणी ओरडलं असतं, रडलं असतं तर सोसलं असतं.

काम संपत आलं तसं संपतनं मला बाजूला घेतलं. "काय गं, हा माणूस भिंतीकडं तोंड करून का बसतो? सावली तर इकडं हाय."

मी त्याला सगळं सांगितलं. सोमवारची बारी, शनिवारचा निरोप, नजीर, तोंडी परीक्षा, सगळं. तो ऐकत राहिला. मग फडकं झटकत आत गेला. मी मनात त्याला दोन शिव्या घातल्या.

शेवटच्या दिवशी सकाळी तो दारात आला आणि म्हणाला, "चाचा, हात धुऊन या. खळ लागायला नको."

चाचांना कळलं नाही आधी. कळलं तसे नळाशी गेले. बोटं धुतली, नखं धुतली, मनगटापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. निळा रंग काही निघेना. सदऱ्याचं वरचं बटन लावलं, टोपी नीट केली आणि उंबऱ्याशी थांबले.

आत संपतनं खिडक्या लावून घेतल्या होत्या. एका फळीला भोक होतं, तिथनं उन्हाची तिरीप टेबलावर पडलेली. शेजारी लाकडी डबी उघडून ठेवलेली, आत कापसात लोलक. मी म्हटलं, "घ्या, चाचा."

त्यांनी हात पुढं केला आणि मागं घेतला. "तोंडी आधी असते," ते म्हणाले. "विचार."

मी सतरा वर्षांची पोरगी! मी काय विचारणार? पण ते टेबलासमोर ताठ उभे होते, हात बाजूला सोडून.  मी पदर सावरला, सरांसारखा आवाज काढला आणि विचारलं, "पांढरा प्रकाश लोलकातून गेला तर काय होतं?"

चाचांनी डोळे मिटले. "सफेद रोशनी जब मंशूर में से गुजरती है, तो अपने रंगों में तहलील हो जाती है. बनफशी सबसे ज्यादा मुड़ता है, सुर्ख सबसे कम..." ते बोलत गेले, न अडखळता. पांढरा उजेड रंगांत फुटतो, जांभळा सगळ्यात जास्त वाकतो, लाल सगळ्यात कमी, एवढं कळलं; बाकी अर्धे शब्द माझ्या डोक्यावरनं गेले. आवाज मात्र एका पोराचा होता, वर्गात उभं राहून पाठ म्हणणाऱ्या.

थांबले. डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. "बराबर?"

"बराबर," मी म्हटलं. "पास."

तेव्हा कुठं त्यांनी लोलक उचलला. तिरिपेत धरला, जरा फिरवला, अजून जरा फिरवला. आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर रंग उमटले. संपतच्या तोंडातनं "आयला!" निघालं. इतकी वर्षं तो ती काच पुसत होता, त्यानंही कधी पाहिलं नव्हतं. मी रडत होते, आणि खरं सांगते, रंग मला नीट दिसलेच नाहीत. चाचांचे डोळे कोरडे होते. ते लाल कुठं आहे ते बघत होते, जांभळा कुठं आहे ते बघत होते. मान हलवत होते, पुस्तकात लिहिलेलं बरोबर निघालं म्हणून.

थोड्या वेळानं त्यांनी लोलक टेबलावर तिरिपेतच टेकवला. रंग भिंतीवर तसेच राहिले. मला वाटलं झालं. मी डबी पुढं केली.

"थांब, बेटी," चाचा म्हणाले. ते टेबलापासून दोन पावलं बाजूला झाले आणि समोरची जागा मोकळी सोडून उभे राहिले. "आता नजीरची बारी हाय."

मी डबी खाली ठेवली. संपतनं दाराशी जाऊन बाहेर नजर टाकली आणि दार लोटून घेतलं.  ऊन टेबलावरनं सरकेपर्यंत आम्ही तिघं बाजूला उभे राहिलो.